मोकळा माळा आणि एक पडदा

५ जानेवारी, सोमवार

शनिवारच्या बोलण्याची सुरुवात आज सकाळी दाढी करताना सुचली. विसरायच्या आत उतरवून ठेवतो.

"पलंगावर लॅपटॉप ठेवून, मागे भाजीला फोडणी बसत असताना, गिऱ्हाइकाला 'हो सर, ऑफिसातच आहे' असं खोटं सांगणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो! डिंडोलीच्या, लिंबायतच्या, पर्वत पाटियाच्या एका खोलीत पाच जणांनी राहणाऱ्यांनो! या शहराने आपल्याला कापड विणू दिलं, रंगवू दिलं, डोक्यावरून वाहू दिलं. पण ज्या खोलीत त्या कापडाचा भाव ठरतो तिच्या काचेला काळी फिल्म लावली. आत एसी, आत शेठ, आत नवं डिझाइन. बाहेर आपण. आपल्या बापांनी आयुष्यभर त्या काचेत काय पाहिलं? स्वतःचंच तोंड!"

चांगलं आहे. 'तोंड'वर टाळी येईल.

शनिवारी नवी माणसं असतील, म्हणून माळ्याची ओळख पुन्हा मांडून ठेवतो. पर्वत पाटियाजवळ सुताच्या दुकानावर, जिथे पूर्वी साड्यांचं पॅकिंग चालायचं, तिथे धर्मेंद्रने आणि मी तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून काम करायची जागा उघडली. लोक कोवर्किंग म्हणतात. पाटीवर मी 'मोकळा माळा' लिहिलं. धर्मेंद्र माझा शाळासोबती, जीएसटीची रिटर्नं भरतो. भाडं, वीज, वायफाय तो बघतो. मी भाषांतरं करतो, वक्तृत्व शिकवतो, दर शनिवारी सगळ्यांसमोर बोलतो आणि माळ्याला आत्मा पुरवतो. (हे वाक्य बढाईचं झालं. राहू दे.) कोपऱ्यात आधीच्या शेठची प्लायवूडची केबिन होती. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिच्यावर हातोडा चालवला. तेव्हापासूनचे नियम: कुणाची जागा ठरलेली नाही, कुणाच्या ड्रॉवरला कुलूप नाही, सगळ्यांचे स्क्रीन सगळ्यांना दिसतात, आणि कोणताही निर्णय सगळ्यांसमोर हात वर करून.

आज एक क्षुल्लक गोष्ट घडली. चहावाला गेली तीन वर्षं दारात येऊन माझ्याकडे बघायचा, मी हॉलवर नजर फिरवून आकडा सांगायचो. आज तो सरळ हर्षदाच्या टेबलाकडे गेला. "केटली चा, बेन?" तिने मान वर न करता सांगितलं, "चौदा. पंडितकाकांची बिनसाखरेची."

पंडितला साखर बंद आहे हे मला माहीत नव्हतं. मी चहा घेतला नाही. का घेतला नाही, असं कुणी विचारलंही नाही.

हर्षदा दिवाळीनंतर आली. बाप राघो, नंदुरबारकडचा, यंत्रमागावर आहे. भरतकामाच्या मशीनने कापडावर कुठे, कोणत्या रंगाचा टाका मारायचा याची फाईल ती बनवते. इथे त्याला पंचिंग म्हणतात. वय सव्वीस. आवाज किरटा, हसणं जिन्यापर्यंत ऐकू जाणारं, वाचन शून्य. (विचारून खात्री केली. शून्य.)

१० जानेवारी, शनिवार

टाळी आली. पण कमी माणसांची. अर्धे जण मांजा घ्यायला गेले होते, उत्तरायण तोंडावर आहे.

बोलणं संपल्यावर प्रश्न विचारायची पद्धत आहे, पण कुणी विचारत नाही. आज हर्षदाने हात वर केला. "भाऊ, एक शंका. मोकळं म्हणजे कुणासाठी मोकळं? बघणाऱ्यासाठी, का बसणाऱ्यासाठी?"

लोक हसले. टाळ्याही वाजवल्या. माझ्या तासाभराच्या बोलण्याला मिळाल्या त्याहून जोरात. मी उत्तर दिलं, बऱ्यापैकी सविस्तर. उत्तर संपलं तेव्हा समोर धर्मेंद्र आणि दोन नवे एवढेच उरले होते, आणि नव्यांना वायफायचा पासवर्ड हवा होता.

घरी माझी बायको शीतल म्हणाली, "शनवारले तुम्ही उभा ऱ्हातस आनि बठ्ठा बठीसन झोपतस. आज कोनी जागं ऱ्हायनं तर तुम्हले राग ऊना."

मी म्हणालो, सगळे झोपत नाहीत, आणि राग आलेला नाही. ती म्हणाली, मग वांग्यावर का काढता? मी वांगं फार जोरात भाजत होतो म्हणे.

१५ जानेवारी, गुरुवार

दोन्ही दिवस धर्मेंद्रच्या गच्चीवर पतंग. सगळा माळा तिथे जमला होता. उंधियू, जिलेबी, कानठळ्या बसवणारी गाणी. माझा काळा पतंग तासभर टिकला होता. एकामागून एक तीन कापले. मग शेजारच्या गच्चीवरून एक पिवळा आला आणि माझा गेला. मागे वळून बघतो तर पिवळ्याची दोरी हर्षदाच्या हातात, आमच्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या भिंतीवर चढून तिने दिशा चुकवली होती.

"लपेट, लपेट!" सगळी गच्ची ओरडली. त्यात पंडितचा आवाज होता.

"भाऊ, रागवू नका हं," ती ओरडली, "वारा तुमच्याच बाजूला होता, मी फक्त ढील दिली!"

पंडित माझा सर्वांत जुना विद्यार्थी. पन्नाशीचा माणूस, माग बंद पडला, आता फोनवरून साड्यांच्या ऑर्डरी घेतो. गुजराती मोडकी. मी तीन महिने त्याला हॉलच्या मधोमध उभं करून फोनवर बोलायला लावलं. लोक हसतील, हसून दमतील, मग भीती जाईल, ही माझी पद्धत आहे आणि ती माझ्यावर यशस्वी झालेली आहे. तरी फोन वाजला की तो अजून खाली रस्त्यावर पळतो. पण 'लपेट' मात्र काय खणखणीत म्हणाला!

१९ जानेवारी, सोमवार

गेल्या काही दिवसांपासून दुपारी एक म्हातारी जिन्यात बाळ घेऊन बसलेली दिसते. प्रियाची सासू, शांताबाई. प्रिया अकोल्याची, साड्यांच्या फोटोंतून मागची भिंत खोडून पांढरं करण्याचं काम करते. बाळंतपणाची सुट्टी संपवून नुकती परतली आहे. मी म्हणालो, "मावशी, वर या. आपल्याकडे कुणाला मज्जाव नाही."

तिने पदर तोंडावर धरला. "नाही बाप्पा, एथंच बरं हाये."

तेवढ्यात प्रिया खाली आली, माझ्याकडे न बघता बाळ घेतलं आणि जिन्याच्या वरच्या वळणावर, पाण्याच्या टाकीमागे गेली. संकोच हा आपल्या लोकांचा जुना आजार आहे. त्यावर एक शनिवार घेतला पाहिजे.

पण आजची खरी बातमी दुसरी. हर्षदाने ग्रुपवर टाकलं आहे: "केबिन होती त्या कोपऱ्यात एक तार, एक पडदा. ज्याला गरज तो अर्धा तास आत बसेल. फोनसाठी किंवा कशासाठीही. तार मी आणते."

खाली अंगठ्यांची रांग. धर्मेंद्रचाही अंगठा. आणि लक्षात आलं की ती ग्रुपची ॲडमिन झालेली आहे. धर्मेंद्रला विचारलं, हिला कुणी ॲडमिन केलं?

"मी. नव्या माणसांना ग्रुपवर घ्यायला कुणीतरी लागतं. तू आठवडाआठवडा घेत नाहीस."

"मला विचारायचं तरी."

"तू भाषांतरात होतास."

नेमका तोच कोपरा! जिथे मी हातोडा मारला तो कोपरा!

२१ जानेवारी, बुधवार

मला कळलं पडदा कशासाठी. गेल्या आठवड्यात ती दोनदा पलसाण्याच्या एका रंगाई मिलमध्ये गेली होती, नमुने बघायला. म्हणजे कुणीतरी मोठा शेठ हाती लागला आहे. इथे डिझाइन बाजारात यायच्या आत शेजाऱ्याने पाहिलं तर आठवड्यात त्याची नक्कल टांगलेली असते, म्हणून शेठ लोक कारागिराला झाकून बसवतात. आमच्या माळ्यावर मात्र पंचिंगवाले एकमेकांना फाईल दाखवतात, टाका कुठे तुटतो ते विचारतात. ही माझी कमाई आहे. आणि ही पोरगी त्याच कोपऱ्यात शेठची केबिन परत बांधणार, कापडाची!

दुपारी तिला सरळ विचारलं, सगळ्यांसमोर. "कोणाला हवा आहे पडदा? नाव सांग."

"दोघातिघांना हवाय, भाऊ."

"कोण दोघंतिघं?"

"नाव सांगायला लागलं तर पडदा कशाला?"

"मोकळ्या माळ्यावर बिननावाची मागणी होत नाही."

तिने डब्याचं झाकण बसवलं. मग म्हणाली, "बरं. मग माझं लिहा. मला हवाय."

कोण बघत होतं, ते मी पाहून घेतलं. प्रिया स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसली होती. तिलाही हे आवडलेलं नसावं.

शनिवारी मतदान घेतो.

२४ जानेवारी, शनिवार

जिंकलो.

आज जसा बोललो तसा गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. चार पुस्तकं काढली होती, टिपणं केली होती. व्यासपीठावर गेल्यावर एकही कागद लागला नाही. हॉल भरलेला. मागे उभे. हर्षदा पहिल्या रांगेत, मांडीवर डबा.

मुख्य भाग आठवतो तेवढा लिहितो. "पडदा आज कापडाचा असतो. उद्या त्याला मागून पुठ्ठा लागतो. परवा प्लायवूड. आणि तेरवा त्याच काळ्या काचेत तुमची पोरं स्वतःचं तोंड बघत उभी असतात! ज्याला लपवायचं काही नाही त्याला पडदा कशाला? ज्याचा शेजाऱ्यावर विश्वास आहे त्याला पडदा कशाला? मित्रांनो, हा आठ फुटांच्या तारेचा प्रश्न नाही. आपण एकमेकांना बघून घाबरणार आहोत की नाही, हा प्रश्न आहे!"

शेवटचं वाक्य म्हटलं आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग मी म्हणालो, "ज्यांना पडदा नको, त्यांनी हात वर करावेत." आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत हात मोजले. घाई केली नाही. ज्याच्याकडे बघितलं त्याचा हात वर गेला. पंडितचा गेला. प्रियाचाही गेला! खाली बघत होती, लाजरी आहे, पण हात वर होता. फक्त हर्षदा, धर्मेंद्र आणि एक रिटर्नवाला पोरगा हात बांधून.

खाली उतरताना वाटलं, पुन्हा माझा झाला माळा. एवढ्या उघडपणे हे लिहायला नको होतं, पण ही वही माझी आहे.

शीतलला सांगितलं. ती म्हणाली, "सव्वीस वरीसनी पोर हारनी. पेढा आनू?"

२७ जानेवारी, मंगळवार

वाटलं होतं हर्षदा येणार नाही. आली. डबा घेऊन माझ्याच टेबलावर बसली. कळण्याची भाकरी, ठेचा.

"भाऊ, भाषण झकास होतं. मीही हात वर करणार होते. मग आठवलं, मागणी माझीच आहे."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. तिच्यावर चिडणं सोपं नाही, आणि हेच मला सहन होत नाही. ती हरली तरी तिच्या टेबलाभोवती लोक, मी जिंकलो तरी माझ्या टेबलावर तीच.

प्रिया काल नव्हती, आज नाही. पंडितही. लग्नसराई असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

लग्नसराई नाही. प्रिया, पंडित, आणखी चार-पाच जण आठवडाभर वर आलेले नाहीत. फोन केला तर पंडित म्हणाला, "येतो ना भाऊ, जवळच आहे," आणि मागून कुणीतरी हसलं. ते हसणं मला ओळखू आलं. जिन्यापर्यंत ऐकू जाणारं.

दुपारी हर्षदा डबा उचलून गायब होते आणि तासाने परत येते.

मी मूर्ख नाही. ती माझी माणसं कुठेतरी घेऊन चालली आहे. समोरासमोर हरली म्हणून पाठीमागून. धर्मेंद्रला म्हणालो, ही फूट पाडते आहे. तो आकडेमोड करत होता, मान न उचलता म्हणाला, "योगराज, तुला खरंच जाणून घ्यायचंय, का नुसतं बोलायचंय?"

उद्याचा शनिवार रद्द केला. घसा बसला असं ग्रुपवर टाकलं. घसा ठणठणीत आहे. अर्ध्या तासाने हर्षदाचा निरोप: "भाऊ, सुंठ-मध घ्या." खाली अंगठ्यांची रांग.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी तिच्या मागे गेलो. मागे गेलो असंच लिहितो, 'सहज खाली उतरलो' असं लिहिणार होतो. ती फार लांब गेलीच नाही. आमच्याच इमारतीत, सुताच्या दुकानामागे, धुडकूच्या गोडाऊनमध्ये वळली. धुडकू दुकानाचा गोडाऊन सांभाळतो, आमच्या पारोळ्याकडचा. मला बघितल्यावर त्याने उगाच कार्टन उचलायला सुरुवात केली.

दारात शांताबाई स्टुलावर बसली होती. मी आत शिरायला लागलो तर तिने हात आडवा केला.

"आता नका जाऊ, भाऊ. पोर पिऊन राह्यलं."

मला काही क्षण कळलं नाही. मग कळलं. सुताच्या खोक्यांच्या मधे एक फुलाफुलांची चादर टांगलेली होती.

मी तिथेच उभा राहिलो. डोक्यात रक्त चढलं होतं आणि ते लाजेने चढलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिला विचार आला तो हा: माझा माळा इथे भरलाय. कोंदट, अंधारा, सुताचे तंतू नाकात जाणारा गोडाऊन, आणि माझी माणसं इथे, तिच्याजवळ, खुशाल.

पलीकडच्या टोकाला तशीच दुसरी चादर होती; तिच्यामागून कुणीतरी फोनवर बोलत होतं. "हा शेठ! माल काले नीकळी जशे, तमे चिंता ना करो! ना ना, लाल नथी, राणी कलर छे!" उद्या निघणाऱ्या मालाबद्दल गुजरातीत, मोठ्याने, हसत, मधेच चूक करत आणि चुकीवर न थांबता. मी विचारलं, "हा कोण?"

धुडकू म्हणाला, "पंडितभाऊ ना. आते तर मस्त बोलस."

तीन महिने मी त्या माणसाला मधोमध उभं केलं. मला त्याच्या तोंडून एवढं एक वाक्य नीट ऐकायला मिळालं नाही. आणि एका चादरीमागे! मला आयुष्यात अनेक वक्त्यांचा हेवा वाटला आहे. आज चादरीचा वाटला.

प्रिया बाहेर आली, बाळ खांद्यावर. मला बघून थबकली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग त्या दिवशी हात का वर केलास?"

तिने सासूकडे बघितलं. सासू बाळाकडे बघायला लागली. मग प्रिया म्हणाली, "तुम्ही पाहून राह्यले होते ना, भाऊ."

"हर्षदाला तू सांगितलं होतंस?"

"म्या सांगितलं होतं, माहं नाव नको घेजो म्हणून. बाया-माणसाईत कायले..." तिने वाक्य सोडून दिलं. "वर टाकीमागं पाणी गळते. पोराले सर्दी झाली. म्हणून एथं."

हर्षदा खोक्यावर बसून सगळं ऐकत होती. तिच्या तोंडावर विजय शोधला. दिसला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बसा ना, भाऊ. चहा सांगते. बिनसाखरेची एकच असते इथे, बाकी सगळ्या गोड."

मी बसलो नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून मनात भांडण चालू आहे. दोन्ही बाजूंनी मीच बोलतो आणि दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात.

धर्मेंद्रला सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुला काही सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगावं लागतं, असा तुझाच नियम."

मग म्हणाला, "सोड. तू म्हण, आज संध्याकाळी टांगतो पडदा. तू म्हणालास की विषय संपला."

आणि मला मोह झाला. हे लिहितोच. डोळ्यांसमोर शनिवार उभा राहिला: मी व्यासपीठावर, हातात पडदा, 'मित्रांनो, चुकला तो नेता, पण मान्य केली त्याने चूक', आणि सगळ्यांचे डोळे पाणावलेले, हर्षदाचेसुद्धा. पहिलं वाक्य तयारही झालं. फार चांगलं होतं. पडदा तिचा, टाळ्या माझ्या.

मी धर्मेंद्रला म्हणालो, "नाही. मी म्हणालो म्हणून नको होता, आता मी म्हणालो म्हणून हवा, असं नको."

"मग काय?"

"पुन्हा मतदान."

"पुन्हा हात? पुन्हा सगळे तुझ्याकडेच बघणार."

मी त्याच्याच कपातला चहा उचलून पिऊन टाकला. त्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

संध्याकाळी शीतलला विचारलं, तू काय करशील? ती चवळीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "मना माहेरले ग्रामपंचायतना टायमाले मना बाप दारम्हा उभा ऱ्हाये. बठ्ठ्या बाया त्यानाच चिन्हवर शिक्का मारूत, असं त्याले वाटे. पेटीम्हा काय टाकं ते त्याले काय माहीत?" आणि स्वतःशीच हसली. पंधरा वर्षांच्या संसारात ती मला हे पहिल्यांदा सांगत होती. मी विचारलं, तू कोणत्या चिन्हावर मारलास? तिने शेंगांचं ताट उचललं आणि आत गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हर्षदाला मतदानाचं सांगितलं. "चिठ्ठीवर?" ती म्हणाली. "भाऊ, एवढा कुटाणा कशाला? एक तार, दोन खिळे."

"तू जिंकशील याची खात्री आहे म्हणून म्हणतेस."

"नाही हो. ते पंचिंगवाले दोघं खरंच विरोधात आहेत. म्हणतात पडदा आला की फाईल दाखवणं बंद होईल." थोडं थांबून म्हणाली, "तेही खोटं नाही."

म्हणजे माझ्या भाषणातला मुद्दा तिने मान्य केला, शांतपणे, डबा पुसता पुसता. मी बोललो तेव्हा तिने केला नव्हता. त्या दोघांनी सांगितल्यावर केला. हेही टोचलंच. टोचायचं थांबेल असं मला वाटत नाही. काही माणसांना टाळ्या ऐकू येतात तशा दुसऱ्याला पडलेल्या टाळ्याही जास्तच ऐकू येतात, मी त्यातला आहे.

मोजणी कोण करणार? धर्मेंद्र म्हणाला, हर्षदा. आधी म्हणालो, तिचाच प्रस्ताव, तीच कशी मोजेल? मग आठवलं, चोवीस तारखेला कुणी मोजले होते. म्हणालो, तीच मोजू दे.

खाली दिलेला मजकूर ग्रुपवर टाकतो आहे. सहा वेळा लिहिला. पहिल्या वेळी दोन पानं झाला होता. काळी काच सगळीकडून काढली.

"मोकळ्या माळ्याच्या सभासदांनो, आणि खाली गोडाऊनमध्ये बसून काम करणाऱ्या सभासदांनो,

चोवीस तारखेला पडद्यावर मतदान झालं. मी हात मोजत होतो तेव्हा एकेकाच्या डोळ्यांत बघत होतो. ते मतदान मी मानत नाही.

मी अजूनही पडद्याच्या विरोधात आहे आणि माझं मत तसंच पडेल. निकाल काहीही लागला तरी त्याच दिवशी संध्याकाळी अंमल होईल. त्यावर मी भाषण करणार नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजता धर्मेंद्रच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असेल, झाकणाला फट पाडलेला. माझी चिठ्ठी आधी टाकून मी खाली रस्त्यावर चहाच्या टपरीवर उभा असेन आणि मोजणी होईपर्यंत वर येणार नाही. मोजणी हर्षदा करेल. पंडित, तू ये. प्रिया, तू ये, शांताबाई बाळाला सांभाळतील. पंचिंगवाल्यांनो, तुम्हीही या. चिठ्ठीवर 'हवा' किंवा 'नको' लिहा, नाव लिहू नका, दुमडून डब्यात टाका, आणि काय लिहिलंत ते मला कधीही सांगू नका."